होल्डमधली आग : पाणी मारण्याआधीचे तीन प्रश्न

आजचा विषय आहे जहाजावरची आग, आणि त्यातही जिथे माल भरलेला असतो त्या होल्डमधली आग. इंजिनरूममधली आग, तेलवाहू टँकरवरची आग हे स्वतंत्र विषय आहेत, त्यांना मी आज हात लावणार नाही.

आता तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, की जहाज तर पाण्यातच उभं असतं. चारी बाजूंना पाणीच पाणी. मग आग विझवायला अडचण कसली? पंप लावा आणि ओता पाणी! हा प्रश्न मुळीच भाबडा नाही. मोठमोठ्या बंदरांत, चांगल्या अनुभवी माणसांनी नेमकं हेच केलेलं आहे, आणि त्यातून शहरंच्या शहरं हादरली आहेत.

तेव्हा आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. होल्डला आग लागली की पाण्याची नळी उघडण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं हातात लागतात. पहिला, आत काय भरलंय? दुसरा, होल्ड बंद करायचा की पाण्याने भरायचा? आणि तिसरा, हुकूम कोणाचा चालणार? या तीनपैकी एकाचंही उत्तर नसेल तर शौर्य, पंप आणि पाणी, तिन्ही वाया जातात. मुंबईने हा धडा १९४४ साली फार मोठी किंमत देऊन शिकला आहे.

होल्ड म्हणजे नेमकं काय

आधी जागा समजून घेऊ. मालवाहू जहाजाच्या पोटात मोठमोठे कप्पे असतात, त्यांना होल्ड म्हणतात. जुन्या जहाजांत एका होल्डमध्ये दोन-तीन मजले असत. सगळ्यात खालचा तो लोअर होल्ड आणि त्याच्यावर ट्वीन डेक, म्हणजे मधला मजला. वरून आत उतरायला जे मोठं तोंड असतं ते हॅच. आपले गोदी कामगार आणि खलाशी त्याला फाळका म्हणत आले आहेत.

या कप्प्याला खिडकी नाही. दार म्हणावं तर वरचा फाळका आणि उतरायला एक-दोन उभ्या शिड्या. इमारतीला आग लागली तर बंबवाले चार बाजूंनी जातात, खिडक्या फोडतात, धूर बाहेर काढतात, आगीच्या मुळाशी पोचतात. इथे आग सगळ्यात खाली असते आणि आत शिरण्याची वाट सगळ्यात वर. धूर आणि उष्णता त्याच वाटेने वर येतात. म्हणजे आग विझवणाऱ्याने धुराड्यातून खाली उतरायचं, असा हा प्रकार.

दुसरी गोष्ट, सगळ्या भिंती पोलादाच्या. पोलाद जळत नाही, पण तापतं आणि तापलं की पलीकडच्या मालाला आच देतं. म्हणून होल्डमधल्या आगीला सहा बाजू असतात असं शिकवतात. पुढची, मागची, दोन बगला, वर आणि खाली. यातल्या ज्या बाजूंपर्यंत पोचता येतं त्या बाहेरून पाण्याने थंड ठेवायच्या. हे काम दिसायला साधं, पण आग पसरू न देण्यात त्याचा वाटा फार मोठा.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे माल. आता कापसाची गाठ घ्या. दाबून दाबून बांधलेली असते, पण तंतूंच्या मधे हवा असतेच. ठिणगी एकदा आत शिरली की गाठ भडकत नाही, आतल्या आत धुमसते. वरून पाणी मारलं तर ते बाहेरून ओघळून जातं, आतला निखारा तसाच. अशी गाठ विझवायची तर ती बाहेर काढून, पट्ट्या कापून, मोकळी करावी लागते. नाहीतर ती कित्येक दिवस धुमसत राहते. हा कापूस लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

१४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक

‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज. १९४२ साली कॅनडात बांधलेलं, सात हजार टनांच्या थोडं वरचं. दुसरं महायुद्ध चालू होतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईला आलं.

पोटात काय होतं? सुमारे १,३९५ टन स्फोटकं आणि दारूगोळा. त्यातले २३८ टन अत्यंत संवेदनशील वर्गातले. शिवाय विमानांचे भाग आणि पेट्यांत बंद केलेल्या सोन्याच्या विटा. कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, वंगणतेल, लाकूड, राळ, गंधक, भंगार लोखंड असा माल चढला. युद्धात जहाजांत जागा मिळणं मुश्कील, त्यामुळे कोणतीही जागा रिकामी जाऊ द्यायची नाही हा शिरस्ता. यातून जे झालं ते असं, की दोन नंबरच्या होल्डमध्ये कापूस आणि स्फोटकं एकाच कप्प्यात, वरखाली आली.

एरवी स्फोटकं आणणारं जहाज गोदीत आणायला परवानगी नसे. ते बाहेर खाडीत नांगरायचं आणि तिथेच माल बार्जमध्ये उतरवायचा. युद्धाच्या घाईत हा नियम सैल झाला होता. त्यामुळे ‘फोर्ट स्टिकीन’ थेट व्हिक्टोरिया डॉकच्या एक नंबर धक्क्याला लागलं. एका बाजूला गोदामं, पलीकडे दाट वस्ती.

१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या होल्डमधून धूर येतोय हे लक्षात आलं. आणि जे कोणीही केलं असतं तेच सगळ्यांनी केलं. नळ्या फाळक्यातून खाली सोडल्या आणि पाणी मारायला सुरुवात केली. अग्निशमन दलाचे बंब आले, आणखी नळ्या लागल्या. आग नेमकी कुठे आहे ते कोणालाच दिसत नव्हतं, धूर इतका. पुढच्या दोन तासांत त्या जहाजात सुमारे ९०० टन पाणी गेलं. ९०० टन म्हणजे नऊ लाख लिटर. आपल्या सोसायट्यांत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला तर नव्वद टँकर!

आणि तरी आग विझली नाही. उलट पाणी आतमध्ये उकळायला लागलं. का? एक तर मघाशी सांगितलं तसं, पाणी कापसाच्या गाठीच्या आत पोचत नव्हतं. दुसरं कारण त्याहून वाईट. कापसाची गाठ पाण्यावर तरंगते. पाणी जसं वर चढत गेलं तशा धुमसणाऱ्या गाठीही वर वर येत गेल्या. आणि वर काय होतं? वरच्या मजल्यावर स्फोटकं होती. ज्या पाण्याने आग विझायची, त्याच पाण्याने आग उचलून स्फोटकांच्या जवळ नेली.

बाहेरून जहाजाच्या बगलेवरचा रंग फोड येऊन सोलवटायला लागला होता. आत काय तापलंय याची ती सरळसरळ खूण होती. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. त्यानंतर सोळा मिनिटांनी, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. ‘जलपद्म’ हे शेजारचं चार हजार टनांच्या आसपासचं जहाज लाटेने उचललं जाऊन त्याचा मागचा भाग गोदामाच्या छपरावर चढला. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा, आणखी मोठा स्फोट झाला. सतराशे किलोमीटरवर सिमल्याच्या भूकंपमापकावर या स्फोटांची नोंद आहे.

शेकडो माणसं गेली. नेमका आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा सापडतो, कारण गोदीत त्या दिवशी रोजंदारीवर कोण कोण होतं याचा हिशेब कोणाकडे असणार? अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यातले बहुतेक नळी हातात धरून जहाजावर किंवा धक्क्यावर उभे होते. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मलबा उपसून गोदी चालू करायला आठ हजार माणसं सात महिने राबत होती. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे इथल्या वृत्तपत्रांना मे महिन्यापर्यंत ही बातमी छापता आली नाही.

आपल्याकडे १४ एप्रिलला आंबेडकर जयंती असते. त्याच दिवशी देशभरातल्या अग्निशमन केंद्रांत या ६६ जणांना मानवंदना दिली जाते आणि तिथून अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. बंबांवर लावलेले फलक तुम्ही पाहिले असतील. त्याच्या मागे ही दुपार आहे.

दोन तासांत काय करता आलं असतं

आता शांतपणे विचार करू. दोन ते चार, दोन तास हातात होते. समोर चार मार्ग होते.

एक, पाणी मारत राहणं. ते झालं.

दोन, फाळका बंद करून, हवेच्या सगळ्या वाटा बुजवून आत वाफ सोडणं, म्हणजे आगीला गुदमरवणं. कापसाच्या आगीत हा जुना आणि मान्य उपाय. आग विझतेच असं नाही, पण वाढ मंदावते आणि वेळ मिळतो.

तीन, जहाज तिथल्या तिथे बुडवणं. म्हणजे होल्ड पूर्ण पाण्याखाली जाईल, स्फोटकंही भिजतील. पण धक्क्याला पाणी तेवढं खोल नव्हतं. जहाज तळाला टेकलं असतं तरी वरचा भाग कोरडाच राहिला असता.

चार, जहाज ओढून बाहेर उघड्या पाण्यात नेणं. इंजिनाची दुरुस्ती चालू होती, त्यामुळे ते स्वतःच्या ताकदीवर हलू शकत नव्हतं. टग आणायच्या, बंदिस्त गोदीच्या दारातून बाहेर काढायचं, याला वेळ लागणार. आणि मधेच स्फोट झाला तर?

यातला कोणता मार्ग बरोबर, हे आज खुर्चीत बसून सांगणं सोपं आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या दिवशी धक्क्यावर प्रत्येक मार्ग सुचवणारा माणूस हजर होता. दारूगोळ्याचा जाणकार अधिकारी येऊन सांगून गेला, की हे उडालं तर अख्खी गोदी जाईल, जहाज बुडवा. गोदीचा वरिष्ठ अधिकारी म्हणत होता, जहाज बाहेर काढा. अग्निशमन दल म्हणत होतं, आम्ही पाणी मारतोय. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ जहाजाचा प्रमुख, पण गोदी त्याची नव्हे. सल्ला सगळ्यांकडे होता, शेवटचा हुकूम कोणाकडेच नव्हता. आणि जेव्हा कोणीच ठरवत नाही, तेव्हा जे आधीपासून चालू असतं तेच चालू राहतं. इथे पाणी चालू होतं.

नंतरच्या चौकशीतही हेच बाहेर आलं. कापूस आणि स्फोटकं एकत्र भरणं, धोक्याचं गांभीर्य वेळेत न समजणं आणि सगळ्यांवर हुकूम चालेल असा एकही माणूस जागेवर नसणं. ठिणगी बहुधा कोणाच्या तरी विडी-सिगारेटची असावी असा अंदाज होता. पण ठिणगी कोणाचीही असो, पुढचे दोन तास सगळ्यांचे होते.

पाण्याचं ओझं

पाण्याचा आणखी एक धोका आहे, जो जमिनीवरच्या आगीत कधी डोक्यातच येत नाही. घरात परात काठोकाठ भरून उचलून बघा. जरा कलली की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. जहाजाच्या मजल्यांवर साचलेलं पाणी असंच वागतं. जहाज थोडं कललं की पाणी तिकडे, मग आणखी कल, मग आणखी पाणी.

९ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच प्रवासी जहाजाला आग लागली. सैनिक वाहून नेण्यासाठी त्याची दुरुस्ती चालू होती, कापणीच्या टॉर्चच्या ठिणग्या लाइफ जॅकेटांच्या ढिगात पडल्या. अग्निशमन दलाने धक्क्यावरून आणि बोटींवरून हजारो टन पाणी ओतलं. आग आटोक्यात आली. पण ते पाणी वरच्या मजल्यांवर एका बाजूला साचलं होतं. मध्यरात्रीनंतर ते प्रचंड जहाज धक्क्यातच कुशीवर झोपलं. जहाजाचा आराखडा करणारा अभियंता व्लादिमीर युर्केविच तिथे आला होता. तळाच्या झडपा उघडून जहाज सरळ तळाला टेकवू द्या, असं त्याने सुचवलं होतं. ते ऐकलं गेलं नाही. इथेही तोच प्रश्न, जहाज समजणारा एक आणि हुकूम दुसऱ्याचा.

म्हणून आज जहाजावर पाणी वापरायचं तर दोन हिशेब बरोबर चालतात. किती पाणी आत गेलं आणि किती बाहेर काढलं. बंदरातल्या अग्निशमन अधिकाऱ्याशेजारी जहाजाचा अधिकारी उभा असतो, आणि त्याची नजर आगीवर नसून जहाजाच्या कलावर असते.

बंद करून गुदमरवणं

आता दुसरा मार्ग बघू. आजच्या मालवाहू जहाजांवर होल्डसाठी कार्बन डायऑक्साइडची व्यवस्था असते. एका खोलीत सिलिंडरांच्या रांगा आणि तिथून प्रत्येक होल्डला पाइप. नियम असा, की सगळ्यात मोठ्या होल्डच्या आकारमानाच्या निदान ३० टक्के वायू हाताशी हवा.

हिशेब करून बघू. होल्ड ५,००० घनमीटरचा धरा. त्याचे ३० टक्के म्हणजे १,५०० घनमीटर वायू. एक किलो कार्बन डायऑक्साइडचा साधारण ०.५६ घनमीटर वायू होतो. म्हणजे २,७०० किलोच्या आसपास. ४५ किलोचे सिलिंडर धरले तर साठ सिलिंडर! एका होल्डला एकदाच.

यातल्या काही गोष्टी नीट ध्यानात घ्या. वायू सोडण्याआधी माणसं मोजायची. हा वायू आगीइतकाच माणसालाही गुदमरवतो, आणि त्याने जहाजांवर जीव गेलेले आहेत. मग हवेची प्रत्येक वाट बंद करायची, पंखे, झडपा, फाळक्याच्या फटी सगळं. आणि सगळ्यात अवघड भाग त्यानंतर येतो, तो म्हणजे वाट बघणं. हा वायू आग दाबतो, थंड करत नाही. आतला माल तापलेलाच असतो. कोणी उत्सुकतेपोटी फाळका उघडला की हवा आत आणि आग पुन्हा भडकलेली. आता तर सिलिंडरही संपलेले! म्हणून बाहेरून भिंतींचं तापमान ठरावीक वेळाने मोजायचं, पाण्याने बाजू थंड ठेवायच्या, लागेल तसा थोडा थोडा वायू आत सोडायचा आणि होल्ड बंदच ठेवून बंदर गाठायचं. कित्येकदा दिवसच्या दिवस.

कोळशाच्या जहाजांवर हेच तत्त्व आहे. कोळसा हवेशी संयोग होऊन आपोआप तापतो. तिथे होल्डमध्ये पाणी मारू नका, बंद करा, हवा तोडा, बाहेरून थंड करा, असं आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते. स्पंज आयर्नसारख्या मालावर पाणी पडलं तर हायड्रोजन तयार होतो. म्हणजे विझवायला गेलो आणि स्फोटाची तयारी करून आलो.

बंद करणंही चुकतं तेव्हा

मग काय, पाणी वाईट आणि बंद करणं चांगलं? नाही. आता याच्या उलट गोष्ट ऐका.

१६ एप्रिल १९४७, अमेरिकेतलं टेक्सास सिटी बंदर. मुंबईच्या स्फोटाला तीन वर्षं आणि दोन दिवस झाले होते. ‘ग्रँडकॅम्प’ या जहाजात सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट, खत म्हणून पोत्यांत भरलेलं. सकाळी आठच्या सुमारास होल्डमधून धूर दिसला. पाण्याने माल खराब होईल म्हणून कप्तानाने फाळके बंद करायला आणि आत वाफ सोडायला सांगितलं. कापूस असता तर हा निर्णय शहाणपणाचा ठरला असता. पण अमोनियम नायट्रेट ऑक्सिजन स्वतःच पुरवतं. बाहेरची हवा तोडून त्याचं काहीच बिघडत नाही. उलट बंद जागेत वाफेने उष्णता आणि दाब दोन्ही वाढले. ९ वाजून १२ मिनिटांनी जहाज फुटलं. निदान ५८१ माणसं गेली. गावच्या अग्निशमन दलातला एक सोडून सगळे गेले.

अशा मालाला काय हवं होतं? फाळके उघडे, हवा मोकळी आणि भरपूर, अगदी भरपूर पाणी. म्हणजे बघा, मुंबईत कापसावर पाणी मारत राहिले आणि टेक्सास सिटीत नायट्रेटला बंद करून ठेवलं. दोन्हीकडची माणसं मूर्ख नव्हती. आत काय आहे या पहिल्या प्रश्नावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरतं, आणि तो दुवाच तुटला होता.

आज धोकादायक मालाच्या प्रत्येक वस्तूला संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक असतो, आणि आग लागली तर काय करायचं याचं तक्त्यांचं पुस्तक जहाजावर असतं. कोणता माल कोणाशेजारी ठेवायचा नाही याचेही कोष्टक आहे. ही पुस्तकं कोरडी वाटतात. पण त्यातली कितीतरी पानं अशाच दिवसांनंतर लिहिली गेली आहेत.

कंटेनर आले आणि प्रश्न पुन्हा उघडला

इथपर्यंत वाटेल, की चला, आता सगळं मार्गी लागलं. पण कंटेनर जहाजाने ‘आत काय आहे’ हा प्रश्न पुन्हा अवघड करून ठेवला. एका जहाजावर हजारो पत्र्याच्या पेट्या. पेटी आधीच बंद होऊन, सील लागून येते. कप्तानाच्या हातात फक्त कागद असतो. कागदावर जे लिहिलंय तेच आत आहे, हा सगळा विश्वासाचा मामला.

शिवाय पेटी म्हणजे होल्डच्या आत आणखी एक होल्ड. वायू सोडला तरी तो बंद पेटीच्या आत किती पोचेल? डेकवर रचलेल्या पेट्यांना तर वायूचा उपयोगच नाही, वारा सगळा घेऊन जातो. आणि लढणार कोण? वीस-पंचवीस खलाशी. पाठीवर श्वसनयंत्र, त्यात साधारण अर्ध्या तासाची हवा. इथे बंब येत नाही. खलाशी हेच अग्निशमन दल.

मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात ‘मर्स्क होनाम’ या मोठ्या कंटेनर जहाजाच्या पुढच्या होल्डमध्ये आग लागली. जहाजावर २७ जण होते, त्यातले पाच गेले. खलाशांनी होल्डमध्ये वायू सोडला होता. पण चौकशीत संशय गेला तो एका निर्जंतुक करणाऱ्या रसायनावर. त्याचं विघटन सुरू झालं की उष्णता आतूनच निर्माण होत राहते. म्हणजे पुन्हा टेक्सास सिटीचाच धडा, फक्त पेटीत बंद केलेला. त्यानंतर त्या कंपनीने धोकादायक माल खलाशांच्या खोल्यांपासून लांब रचायचे नियम कडक केले.

आपल्या किनाऱ्यालाही हे नवीन नाही. जुलै २०२४ मध्ये गोव्याच्या नैर्ऋत्येला समुद्रात ‘मर्स्क फ्रँकफर्ट’वर आग लागली, तटरक्षक दलाची जहाजं दिवसेंदिवस तिच्यावर पाणी मारत होती. जून २०२५ मध्ये कोलंबोहून न्हावा-शेव्याकडे येणाऱ्या ‘वान हाय ५०३’वर केरळच्या किनाऱ्यासमोर स्फोट आणि आग झाली. २२ जणांतले १८ वाचले, चौघे बेपत्ता झाले. ते जहाज आपल्या बंदराकडे येत होतं, हे विसरू नका.

उपाय हळूहळू येत आहेत. १ जानेवारी २०१६ नंतर बांधलेल्या कंटेनर जहाजांवर एक लांब टोकदार नळी सक्तीची आहे. ती पेटीच्या पत्र्यातून आत घुसवायची आणि आतच पाण्याचा फवारा सोडायचा. उंच रचलेल्या पेट्यांसाठी हलवता येणाऱ्या पाण्याच्या तोफाही लागतात. पण या नळीसाठी माणसाला पेटीपर्यंत जावं लागतं. सातव्या थरावरच्या पेटीपर्यंत तो कसा जाणार?

हुकूम कोणाचा

शेवटी तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. समुद्रात उत्तर सरळ आहे, कप्तान. जहाज धक्क्याला लागलं की गुंता होतो. कप्तान आहे, बंदराचा अधिकारी आहे, शहराचं अग्निशमन दल आहे, मालाचा मालक, विमा कंपनी, नौदल, तटरक्षक दल. प्रत्येकाला काहीतरी माहीत आहे आणि कोणालाच सगळं माहीत नाही.

म्हणून हे आगीच्या दिवशी ठरवायचं नसतं. त्याचा सराव आधी करायचा. शहरातल्या बंबवाल्याने होल्डमध्ये एकदा तरी उतरून पाहिलेलं असावं. जहाजाच्या शिडीपाशी आगीचा आराखडा आणि मालाची यादी बाहेरच्या डब्यात ठेवलेली असावी, म्हणजे कप्तानाला शोधत बसावं लागत नाही. आणि सगळ्यांचं ऐकून एकाने ठरवायचं, बाकीच्यांनी ते मानायचं. १९४४ मध्ये ६६ जवानांकडे धैर्य कमी नव्हतं. त्यांना वेळेत कोणी सांगितलं नाही, की इथून निघा. हे सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे हवा तो माणूस आधीच नेमलेला असणं, हे आगीशी लढण्याचंच काम आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, एवढा धोका असेल तर जळतं जहाज लगेच खोल समुद्रात नेऊन बुडवत का नाहीत?*

कारण त्याच्या पोटात इंधन आहे, रसायनं आहेत. २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ बुडालं. त्यातल्या एका पेटीतून नायट्रिक आम्ल गळत होतं. ती उतरवून घ्या म्हणून जहाजाने आधी दोन बंदरांना विचारलं होतं, त्यातलं एक आपलं हाजिरा. दोन्हीकडे ती उतरवता आली नाही. नंतर आग लागली आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांचे थर साचले. जहाज दूर लोटून प्रश्न संपत नाही, तो दुसऱ्याच्या किनाऱ्याला लागतो.

*प्रश्न : आम्ही भिवंडीला गोदाम चालवतो, माल पेट्यांत भरून न्हावा-शेव्याला पाठवतो. आमचा याच्याशी काय संबंध?*

सगळ्यात जास्त संबंध तुमचाच आहे! पेटीत काय गेलं हे डोळ्यांनी बघणारा शेवटचा माणूस तुमच्याकडे असतो. भाडं वाचावं म्हणून बॅटऱ्यांना ‘सुटे भाग’ किंवा ब्लीचिंग पावडरला ‘साफसफाईचं सामान’ लिहिलं, की जहाजावर ती पेटी कुठेही रचली जाते, कदाचित खलाशांच्या खोलीला लागून. मग रात्री दोन वाजता धूर आला की एखादा रत्नागिरीचा किंवा गोव्याचा पोरगा पाठीवर हवेची टाकी घेऊन तुमचा कागद वाचतो आणि ठरवतो, पाणी मारायचं की बंद करायचं. तो कागद खरा असू द्या. एवढंच मागणं आहे.